नगर रस्त्यावरचा शांकरभाष्याचा वर्ग

मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड मी पहिल्यांदा सांगलीत पाहिले. बी.ए.ला तत्त्वज्ञान विषय घेतला होता आणि त्याचं पुढे काय होणार, ह्याची काळजी घरी सगळ्यांना लागली होती. प्रा. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला हा कोश पुण्यात १९७४ साली निघाला. मी हाती घेतला तेव्हा त्याच्या पानांना पिवळेपणा आला होता. लेखकांची नावं चाळताना सगळी आडनावं आपल्याकडची, कानावरून गेलेली अशी होती, आणि त्यांच्यात एक अगदी वेगळं नाव होतं: डी स्मेट. सरांना विचारलं, "सर, हे कोण?" सर म्हणाले, "पुण्याचे फादर. तिकडे नगर रस्त्याला शंकराचार्य शिकवायचे."

एवढंच बोलून सर तासाला गेले. पण कॅथलिक धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांना एक बेल्जियन फादर शांकरभाष्य शिकवतो, हे माझ्या डोक्यातून काही जाईना. कशासाठी शिकवत असतील? मुलं काय विचारत असतील? आणि आमच्या मराठी कोशात ते कसे आले? ह्या प्रश्नांचा माग काढत मी पुण्याला गेलो, वाईला गेलो आणि पुन्हा सांगलीला आलो. हा लेख त्या फिरण्यातून झाला.

आमच्या भागात ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांपुढे मिरज येते. १८९४ साली तिथे डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेल्या दवाखान्याने तीन-चार पिढ्यांचे प्राण वाचवले. सातारकरांना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. त्यांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला आणि मिशनचा पगार सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून आयुष्याची अखेरची दोन वर्षं काढली. ही सगळी मंडळी प्रॉटेस्टंट. कॅथलिक आमच्याकडे थोडे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात, पाचगणी-महाबळेश्वरला जुनी शाळा आणि देवळं आहेत. पण वसईसारखी कॅथलिक वस्ती, बोली, गाणी आमच्याकडे नाहीत. म्हणून कॅथलिक तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक ही गोष्ट आम्हाला फार लांबची वाटे. त्या प्राध्यापकाच्या कामाचा गाभा मात्र आमच्या कृष्णाकाठाशी फार जवळून जुळलेला आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

रिचर्ड डी स्मेट यांचा जन्म १६ एप्रिल १९१६ चा, बेल्जियममधल्या माँतिन्यी-सूर-सांब्र ह्या गावचा. हा शार्लरॉइच्या बाजूचा मुलूख, कोळशाच्या खाणींचा आणि कारखान्यांचा. अठराव्या वर्षी ते येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात दाखल झाले. ह्या संघाचं शिक्षण लांबलचक असतं. आधी नवदीक्षितांची साधना, मग तत्त्वज्ञान, मधे काही वर्षं काम, मग ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, आणि त्यानंतर गुरुदीक्षा. त्यातला ईशज्ञानाचा काही भाग अजून बाकी असताना, १९४६ साली, डी स्मेट भारतात आले आणि दार्जिलिंगजवळच्या कर्सियाँगला येशूसंघाच्या विद्यालयात राहिले.

बंगालमधल्या बेल्जियन जेझुइटांची एक परंपरा होती आणि तिचं मूळ एका बंगाली माणसात होतं. ब्रह्मबांधव उपाध्याय १८६१ साली जन्मले. आपले ना. वा. टिळकही त्याच सालचे. दोघे ब्राह्मण, दोघेही कवित्वाचं आणि देशाचं वेड असलेले, आणि दोघांनीही १८९० च्या दशकात बाप्तिस्मा घेतला. टिळकांना ख्रिस्ताकडे जायला तुकोबांची वाट सापडली. उपाध्यायांनी वेदान्ताची वाट धरली. युरोपने थॉमस अक्वायनसच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत आपली श्रद्धा मांडली, तशी भारताने ती शंकराचार्यांच्या भाषेत मांडावी, असं त्यांचं म्हणणं होतं. नर्मदाकाठी एक कॅथलिक मठ काढायचा त्यांचा विचार होता. चर्चने त्याला संमती दिली नाही. पुढे 'संध्या' पत्रातल्या लेखनाबद्दल इंग्रज सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि तो चालू असतानाच १९०७ साली ते वारले. त्यांचा हा विचार पुढे जॉर्ज दांदुआ आणि पिएर योहान्स ह्या जेझुइटांनी उचलला. १९२२ पासून कलकत्त्यात त्यांनी 'द लाइट ऑफ द ईस्ट' हे मासिक चालवलं. शंकर, रामानुज, वल्लभ ह्यांच्या मतांचे धागे जुळवत ख्रिस्ती सिद्धांतापर्यंत कसं पोचता येईल, हे योहान्स त्यात वर्षानुवर्षं लिहीत राहिले.

डी स्मेट ह्या परंपरेत वाढले, पण त्यांनी तिला वेगळं वळण दिलं. ते वळण एका व्याख्यानातून आलं. पन्नासच्या सुमारास कलकत्त्याला भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचं अधिवेशन होतं. तिथे सर्वपल्ली राधाकृष्णन बोलले. शंकराचार्य हे निखळ बुद्धिवादी तत्त्वज्ञ होते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्या काळी ते स्वाभाविकच होतं. भारतीय विचार म्हणजे नुसती गूढ पोथी आहे, असं युरोप शंभर वर्षं सांगत आला होता. त्याला उत्तर म्हणून आमच्याकडेही कांट आणि हेगेलच्या तोडीचा तर्ककठोर तत्त्वज्ञ आहे, असं दाखवणं त्या पिढीला आपलं कर्तव्य वाटत होतं. सभेत बसलेल्या तरुण फादरना मात्र ते पटलं नाही. त्यांनी भाष्य वाचलेलं होतं. भाष्यात त्यांना दिसला तो श्रुतीच्या शब्दाला प्रमाण मानून, त्या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी तर्क राबवणारा आचार्य. असं काम करणाऱ्याला त्यांच्या परंपरेत ईशज्ञानी म्हणतात, थिऑलॉजियन. त्यांनी ह्यावरच प्रबंध लिहायचं ठरवलं. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाला तो १९५३ साली सादर झाला. विषय होता शंकराचार्यांची ईशज्ञानपद्धती.

इथे मला वाईला जावं लागतं. कृष्णेच्या घाटावरून ढोल्या गणपतीला उजवी घालून गावात शिरलं की जुनी वाई सुरू होते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच स्वामी केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. त्यांनी मीमांसाकोश सिद्ध केला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार ह्याच गावात मांडला. मीमांसा म्हणजे वाक्याचा अर्थ लावायचं शास्त्र. एखाद्या प्रकरणाचं तात्पर्य काय, हे ठरवायला ह्या परंपरेने सहा खुणा सांगितल्या आहेत. सुरुवात आणि शेवट एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, कोणती गोष्ट पुन्हापुन्हा येते, दुसऱ्या प्रमाणाने न कळणारं असं नवीन काय सांगितलं आहे, त्याचं फळ काय, स्तुती कशाची केली आहे आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने उभा आहे. शंकराचार्य पूर्वमीमांसकांशी कडाकडा भांडतात, पण हत्यारं वापरतात ती मीमांसेचीच. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या सूत्रावरचं त्यांचं भाष्य ब्रह्म कळण्याचं साधन शास्त्र हेच असल्याचं सांगतं. चौथ्या सूत्रात सगळ्या उपनिषदांचा समन्वय ब्रह्मावर होतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या अकराव्या सूत्रावर ते लिहितात की केवळ तर्काला कुठेच पक्की बैठक नाही. एका हुशार माणसाचा तर्क उद्या दुसरा हुशार माणूस मोडून काढतो.

डी स्मेट यांचा प्रबंध ह्या सगळ्याची कसून मांडणी करतो. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ह्या तीन पायऱ्या त्यात मध्यभागी आहेत. ऐकायचं ते श्रुतीकडून, मनन करायचं ते ऐकलेल्यापुढे बुद्धीचे आक्षेप टिकू नयेत म्हणून, आणि ध्यान करायचं ते कळलेलं अंगात मुरावं म्हणून. तर्काला इथे पूर्ण मान आहे, पण तो आपल्या जागी. वाईच्या एखाद्या शास्त्र्याला हे सांगितलं असतं तर त्याला त्यात नवं काहीच वाटलं नसतं. विद्यापीठांत मात्र ते नवं होतं, कारण इंग्रजीतून शिकलेल्या प्राध्यापकांनी शंकराचार्यांकडून त्यांची पोथी काढून घेतली होती. ती परत त्यांच्या हाती दिली एका परधर्मीयाने. माझ्या मते त्याला ती दिसली, कारण तो स्वतः एका पोथीपुढे गुडघे टेकणारा माणूस होता. शब्दावर श्रद्धा ठेवून बुद्धीला शेवटपर्यंत ताणायचं म्हणजे काय, हे त्याने रोजच्या प्रार्थनेत आणि रोजच्या अभ्यासात अनुभवलं होतं. पुढे १९९१ साली अनंतानंद रामबचन ह्या त्रिनिदादच्या हिंदू अभ्यासकाने शंकराचार्यांच्या मते वेद हेच ब्रह्मज्ञानाचं प्रमाण आहे, असं स्वतंत्रपणे ग्रंथभर सिद्ध केलं, तेव्हा हा मुद्दा काही ख्रिस्ती सोयीचा नाही हे उघड झालं.

प्रबंध डी स्मेट यांच्या हयातीत पुस्तक म्हणून आला नाही. टंकलिखित प्रती मात्र हातोहात फिरल्या आणि जगभरच्या अद्वैताच्या अभ्यासकांनी त्यांचा आधार घेतला.

१९५४ पासून ते पुण्यात शिकवू लागले. रामवाडीजवळचं आजचं ज्ञानदीप विद्यापीठ तेव्हा आकार घेत होतं. त्याचा इतिहास सिलोनमधून सुरू होतो. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी भारतीय धर्मगुरू भारतीयांतूनच तयार व्हावेत म्हणून कँडीला एक गुरुविद्यालय काढलं. ते १९५५ साली पुण्याला हलवलं गेलं. येशूसंघाचं डी नोबिली कॉलेज त्याच आवारात उभं राहिलं. हे नाव ज्यांचं, त्या रोबेर्तो द नोबिली यांनी सतराव्या शतकात मदुरेला भगवी वस्त्रं घालून संस्कृत आणि तमिळ आत्मसात केलं होतं. त्याच शतकात गोव्यात फादर स्टीफन्सनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये.

तेराव्या लिओंचीच आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. १८७९ साली त्यांनी एक परिपत्रक काढून कॅथलिक विद्यालयांत थॉमस अक्वायनस ह्या तेराव्या शतकातल्या आचार्याचं तत्त्वज्ञान पायाभूत ठरवलं. धर्मगुरू होणाऱ्या मुलाने आधी तत्त्वज्ञान शिकायचं, त्यानंतरच ईशज्ञान. म्हणून अशा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अध्यापक म्हणजे घराचा पाया घालणारा गवंडी. पदव्या रोमच्या मान्यतेच्या, कित्येक वर्षं पाठ्यभाषा लॅटिन, परीक्षा तोंडी. अध्यापकाने निर्धनतेचं व्रत घेतलेलं असल्याने तो जे मिळवेल ते संघाचं. सकाळी मिस्सा, मग तास, दुपारी ग्रंथालय आणि रात्री उद्याच्या तासाची टिपणं, असं हे आयुष्य.

थॉमसच्या मोठ्या ग्रंथाची ठेवण पाहिली की आपल्याकडचा माणूस दचकतो. आधी प्रश्न, मग विरोधकाचे आक्षेप, मग आधारवचन, मग सिद्धांत, शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. आपल्या भाष्यांतला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ह्याहून फार निराळा नाही. डी स्मेट यांच्या वर्गातली मुलं एका बाजूने थॉमस शिकत होती आणि दुसऱ्या बाजूने शंकर. त्या मुलांसाठी त्यांनी भारतीय दर्शनांची टिपणं चक्रमुद्रित करून वाटली. 'गाइडलाइन्स इन इंडियन फिलॉसफी' ह्या नावाची ती टिपणं म्हणजे एका शिक्षकाची खरी कमाई. १९६४ साली त्यांनी आणि फादर योसेफ नॉयनर यांनी 'रिलिजस हिंदुइझम' हा ग्रंथ संपादित केला. येशूसंघातल्या अभ्यासकांनी लिहिलेला हा ग्रंथ हिंदू धर्माची ओळख त्याच्या स्वतःच्या शब्दांत करून देतो. ह्याच सुमारास रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. नॉयनर तिथे तज्ज्ञ म्हणून होते. २८ ऑक्टोबर १९६५ ला परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं जाहीर केलं. पुण्याच्या त्या आवारात हे काम त्याआधी दहा वर्षं चालू होतं.

आणि डी स्मेट एकटेही नव्हते. गी दलरी ह्या फ्रेंच जेझुइटांचा विठोबाच्या उपासनेवरचा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. शनिवार पेठेत स्नेहसदन चालवणाऱ्या मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर लिहिलेला ग्रंथ १९७६ साली आला.

डी स्मेट यांचा सगळ्यांत आवडता मुद्दा निर्गुण ब्रह्माचा होता. तो समजायला आपण आपल्याच नदीवर येऊ. 'वाई कृष्णेवर आहे' असं आपण सहज म्हणतो. गाव पाण्यावर तरंगत नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तो 'कृष्णा' ह्या शब्दाचा नेहमीचा अर्थ सोडतो आणि 'काठ' हा अर्थ घेतो. शास्त्रात ह्याला लक्षणा म्हणतात. लक्षणेचे तीन प्रकार. एकात मूळ अर्थ पूर्ण सोडायचा, जसा इथे. दुसऱ्यात तो न सोडता त्यात भर घालायची. तिसऱ्यात अर्थाचा काही भाग टाकायचा आणि काही ठेवायचा. काशीत पाहिलेला देवदत्त आज वाईत भेटला आणि आपण म्हणालो की हा तोच देवदत्त. तेव्हा ते गाव आणि हे गाव, तो दिवस आणि हा दिवस ह्या गोष्टी टाकल्या आणि माणूस ठेवला. तैत्तिरीय उपनिषद ब्रह्माला सत्य, ज्ञान आणि अनंत म्हणतं. आपल्याला माहीत असलेलं ज्ञान जाणणाऱ्याकडून आणि जाणलेल्या वस्तूकडून मर्यादित झालेलं असतं. ती मर्यादा टाकायची, आणि ज्ञान ह्या शब्दातलं जे खरं मोल आहे ते ठेवायचं, तेही त्याच्या परमावधीला नेऊन. शंकराचार्य उपनिषदाची वाक्यं अशी वाचतात. थॉमसही देवाविषयीच्या शब्दांबद्दल हेच सांगतो. शब्द जे मोल दाखवतो ते देवाला खऱ्या अर्थाने लागू आहे, ते दाखवायची आपली रीत मात्र तोकडी.

ह्यातून डी स्मेट पुढे म्हणतात की निर्गुण म्हणजे काहीतरी उणं असलेलं, जड, कोणी नसलेलं तत्त्व असा अर्थ होत नाही. इंग्रजी पुस्तकांनी निर्गुणाला 'इंपर्सनल' म्हटलं आणि सगळा घोटाळा झाला. 'पर्सन' ह्या शब्दाला अलीकडे शरीर, स्वभाव, आवडीनिवडी असलेला एक सुटा माणूस असा संकुचित अर्थ चिकटला. प्राचीन ख्रिस्ती आचार्यांच्या लेखी पर्सन म्हणजे स्वतःच्या आधाराने असणारं चेतन अस्तित्व. ह्या अर्थाने निर्गुण ब्रह्म हे सर्वाधिक 'पर्सन' आहे. ज्ञानदेवांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. निर्गुणाशी इतक्या लडिवाळपणे बोलणारे संत आपल्याकडे झाले.

संतांच्या ह्या अनुभवाच्या मुद्द्यावर मी सांगलीला येतो. विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सुरू केलं. प्रा. रा. द. रानडे, ज्यांना आपण गुरुदेव रानडे म्हणतो, तिथे काही काळ शिकवत होते. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे ते शिष्य, आणि उमदी आमच्याच जत तालुक्यातलं. त्यांचा उपनिषदांवरचा मोठा ग्रंथ १९२६ साली आला, महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावरचा १९३३ साली. रानड्यांच्या लेखी सगळ्याचा कळस अनुभव. नाम घ्यावं, आणि नामाने दिसतं ते पाहावं. ग्रंथाला त्या अनुभवाची साक्ष म्हणून किंमत.

एकाच कृष्णेच्या काठावर, वाईत शब्द आणि सांगलीत अनुभव, असं हे आहे. डी स्मेट ठामपणे वाईच्या बाजूने उभे राहतात. मला वाटतं, ते जरा जास्तच ठाम आहेत. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्याच सूत्रावर लिहिताना आचार्य श्रुतीबरोबर अनुभवालाही प्रमाण म्हणतात, कारण ब्रह्मजिज्ञासा शेवटी अनुभवात संपते. डी स्मेट हे वाक्य वगळत नाहीत, निदिध्यासनाच्या शेवटी अनुभव येतो असंच ते मांडतात. तरीही त्यांच्या लेखनात अनुभवाची ऊब कमी जाणवते. नवल असं की त्यांच्या थॉमसलाही १२७३ च्या डिसेंबरात असं काही दिसलं, की त्याने लेखणी खाली ठेवली आणि तो मोठा ग्रंथ अपुराच राहिला.

मायेबद्दलचं त्यांचं म्हणणं अधिक वादाचं आहे. त्यांच्या मते शंकराचार्य जगाला भ्रम म्हणत नाहीत. घडा मातीवाचून नाही, माती मात्र घड्यावाचून असते. तसं जग पूर्णपणे ब्रह्मावर अवलंबून आहे, ब्रह्म जगावर नाही. थॉमस सृष्टीबद्दल हेच सांगतो: सृष्टीचं देवाशी नातं खरं, पण त्या नात्याने देवात काही बदल होत नाही. ही तुलना सुंदर आहे. पण आचार्यांनंतरच्या सगळ्या अद्वैत्यांनी, मठांनी, टीकाकारांनी रज्जु-सर्पाच्या, म्हणजे दोरीवर भासणाऱ्या सापाच्या, दृष्टांताचा अर्थ चुकीचा लावला, असं मानल्याशिवाय ती पूर्ण उभी राहत नाही. डी स्मेट यांनी आचार्यांना थॉमसचा झगा चढवला, असं काही अभ्यासक म्हणतात. पद्धतीबद्दल मी डी स्मेट यांच्या पूर्ण बाजूने आहे, जगाच्या सत्यत्वाबद्दल मात्र माझं मन अजून त्यांच्याकडे झुकत नाही.

दोन आक्षेप ह्याहून जड आहेत. पहिला हिंदूंचा. गुरुविद्यालय आहे ते धर्मगुरू घडवायला. मग हा अभ्यास म्हणजे धर्मांतराची पूर्वतयारी का मानू नये? हा प्रश्न विचारण्याचा हक्क हिंदू वाचकाला आहे. योहान्स यांच्या लेखनाला तो बऱ्याच अंशी लागूही पडतो, कारण त्यात वेदान्त ही ख्रिस्ताकडे जायची पायरी होती. डी स्मेट यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. पण ते तत्त्वज्ञान परिषदेत हिंदू विद्वानांपुढे आपले निबंध वाचत राहिले, विद्यापीठांतून व्याख्यानं देत हिंडले. ज्याला गुपचूप काही साधायचं आहे, तो आपलं लेखन मूळ भाष्य पाठ असलेल्या सभेपुढे ठेवत नाही.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती घरातूनच आला, आणि तो मला अधिक टोचतो. मराठी ख्रिस्ती अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळुरूला एका व्याख्यानात शूद्र ईशज्ञानाची मागणी केली. भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित जातींतून आले. त्यांच्या ईशज्ञानाने संस्कृत भाष्यांची आराधना का करत बसावी, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या सातारा-सांगलीकडची ख्रिस्ती घरं आठवली की ह्या प्रश्नाची धार कळते. ज्यांच्या आज्यांना वाईच्या घाटावर पाणी भरू दिलं नसतं, त्यांना त्याच घाटावरच्या विद्येचं कौतुक कसं वाटावं? डी स्मेट यांच्याच विद्यापीठात फादर जॉर्ज सोआरिस-प्रभू बायबल शिकवत. येशू हा गरिबांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस म्हणून ते वाचत आणि शिकवत. १९९५ साली पुण्यात रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. एकाच आवारात एका तासाला शांकरभाष्य आणि दुसऱ्या तासाला दीनदुबळ्यांचा ख्रिस्त. त्या मुलांच्या मनात ह्या दोन तासांची भेट कशी झाली असेल, ह्याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. डी स्मेट यांच्या लेखनात ती भेट होत नाही. त्यांच्या कामातली ही उणीव मोठी आहे असं मला वाटतं, आणि त्यांच्याबद्दलच्या सगळ्या आदरासकट मी ती इथे लिहितो.

तत्त्वज्ञान-महाकोशाकडे पुन्हा येतो. मराठीत तत्त्वज्ञानाचा सगळा पसारा मांडायचा म्हटल्यावर वाडेकरांना मध्ययुगीन युरोपचा आणि ख्रिस्ती विचाराचा जाणकार हवा होता. १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेव्हापासून महाराष्ट्रात ह्या विषयाला घर होतं. पण त्या घरात थॉमसचा अभ्यास असलेला माणूस विरळा. डी स्मेट यांनी कोशासाठी अनेक नोंदी लिहिल्या. शंकराचार्यांचा अर्थ इंग्रजी जगाला सांगणारा हा अध्यापक मराठी वाचकाला ख्रिस्ती तत्त्वज्ञान सांगत होता. एका गावचं बियाणं दुसऱ्या गावी आणि त्या गावचं ह्या गावी, असं पेरत हिंडणाऱ्या माणसासारखं हे काम आहे. त्याला ग्रंथकाराचा मान फारसा मिळत नाही.

तो त्यांना मिळालाही नाही. शेकडो लेख लिहिले, पण ते नियतकालिकांत, परिषदांच्या इतिवृत्तांत आणि चक्रमुद्रित टिपणांत विखुरले. २ मार्च १९९७ ला ब्रसेल्सला त्यांचा मृत्यू झाला. २००० साली ब्रॅडली माल्कोव्स्की यांनी त्यांच्या स्मरणार्थ अद्वैतावरच्या निबंधांचा ग्रंथ संपादित केला. त्यांचे स्वतःचे लेख गोळा करायचं किचकट काम सेल्सियन संघाचे फादर आयवो कोएल्यो यांनी अंगावर घेतलं. 'ब्रह्मन अँड पर्सन' २०१० साली आलं, 'अंडरस्टँडिंग शंकर' २०१३ साली. नाशिकच्या दिव्यदान संस्थेच्या नियतकालिकाने त्यांचं आणखी लेखन छापलं.

त्यातलं दुसरं पुस्तक घेऊन मी मागच्या उन्हाळ्यात वाईला एका वयस्कर गुरुजींकडे गेलो. इंग्रजी त्यांना बेताचं येतं, चतुःसूत्री भाष्य मात्र तोंडपाठ. मी म्हटलं, "गुरुजी, हे एका बेल्जियन फादरांचं आहे." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मागून-पुढून पाहिलं, चष्मा पुसला.

"ह्यांनी भाष्य मुळातून वाचलेलं होतं का?"

"हो."

"मग तिसऱ्या सूत्रावर काय म्हणतात ते काढा," गुरुजी म्हणाले आणि पाट पुढे सरकवला. "तिथे दोन अर्थ लागतात. त्यांनी कोणता घेतलाय, ते आधी बघू."